जुनी गाडी जावी, जुना उतारू जाऊं नये

ता. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसाहून कुर्ल्याकडे विजेवर चालणारी पहिली गाडी सुटली. या गोष्टीस २०२५ सालीं शंभर वर्षें पुरीं झालीं, व त्या निमित्तानें रेल्वेखात्यानें समारंभही केले. शतकभर एका शहराचा भार वाहणाऱ्या यंत्राचा गौरव व्हावा हें योग्यच होतें. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु अशा प्रसंगीं शहाण्या माणसानें दोन गोष्टी पाहावयाच्या असतात: आजवरचें आयुष्य कसें गेलें ही एक, व पुढची तरतूद काय आहे ही दुसरी. मुंबईच्या लोकल गाड्यांच्या बाबतींत ही दुसरी गोष्ट फारसें कोणी विचारीत नाहीं. जुनी गाडी मोडींत केव्हां काढावी, तिच्या जागीं नवी कोणती यावी, ती प्रथम कोणत्या मार्गावर धांवावी, आणि तिच्यांत बसण्यास किती पैसे पडावे, हे प्रश्न कारखान्यांतील इंजिनियरांचे व कचेरींतील हिशेबनिसांचे आहेत असें समजून लोक स्वस्थ बसतात. आमच्या मतें हे प्रश्न मुळांत समाजाचे आहेत. रोज सुमारें सत्तर लाख माणसें ज्या गाड्यांतून पोटासाठीं ये-जा करतात, त्या गाड्यांचें वार्धक्य व त्यांचा वारसा ही एखाद्या खात्याची खासगी बाब होऊं शकत नाहीं.

गाडी म्हातारी होते म्हणजे काय होतें, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. लोकलचा डबा म्हणजे लोखंडी सांगाड्यावर उभारलेली पेटी. मुंबईची हवा खारी. त्यांत वर्षांतून चार महिने पाऊस. डब्याच्या तळाशीं, दारांच्या उंबऱ्यापाशीं, जेथें पाणी सांचतें तेथें गंज आपलें काम निमूटपणें करीत असतो. त्यावर माणसांचा भार. गर्दीच्या वेळीं एका चौरस मीटर जागेंत चौदा ते सोळा माणसें उभीं असतात, हें रेल्वेच्याच हिशेबांतून निघालेलें प्रमाण आहे. इतक्या जागेंत एखाद्या घरीं जेवणाचीं चार पानें मांडणेंही अवघड जाईल. हा भार डब्याच्या कमानींवर, चाकांवर व ब्रेकांवर दर दोन-तीन मिनिटांनीं पडतो व उतरतो. जुन्या पद्धतीच्या मोटरींत कार्बनचे ब्रश फिरत्या भागावर घांसून झिजतात, व पाणी शिरलें कीं मोटर जळते. ता. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या प्रलयांत कित्येक गाड्या रुळांवर उभ्याच्या उभ्या पाण्यांत बुडाल्या. माटुंग्याच्या व महालक्ष्मीच्या कारखान्यांतील कामगारांनीं असल्या गाड्या वर्षानुवर्षें उघडून, पुसून, सांधून पुन्हां रुळांवर आणल्या, हा त्यांचा मोठेपणा होय. परंतु वैद्य कितीही कुशल असला तरी रोग्याचें वय कमी करूं शकत नाहीं. रेल्वेच्या नियमांप्रमाणें अशा डब्याचें आयुष्य साधारण २५ वर्षें धरलें जातें. तें उलटून गेलेली गाडी एकाएकीं कोसळते असें नव्हे. ती वारंवार अडते. आणि जेथें एका गाडीच्या मागें तीन-चार मिनिटांवर दुसरी असते, तेथें एक अडली कीं मागच्या सर्व तुंबतात, फलाटांवर माणसांचे थर चढतात, आणि जी गाडी शेवटीं येते तिच्या दाराशीं माणसें लोंबकळूं लागतात. गाडीचें म्हातारपण गाडीला जाणवत नाहीं. तें हजेरीपटावर ज्याच्या नांवापुढें ‘उशीर’ असा शेरा पडतो त्या कारकुनाला, आणि ज्याचा अर्धा रोज कापला जातो त्या मजुराला जाणवतें.

आतां जुन्याच्या जागीं नवें आणण्याचा मुंबईचा इतिहास पाहूं. १९२५ पूर्वीं उपनगरांतील वाहतूक वाफेच्या इंजिनांवर चाले. वाफेचें इंजिन सावकाश वेग घेतें व प्रत्येक शेवटच्या स्थानकावर त्यास सोडवून दुसऱ्या टोंकास लावावें लागतें. विजेच्या गाडीस दोन्ही टोंकांस चालकाची खोली. ती आली तशी परत फिरते व झटक्यानें वेग घेते. म्हणून ग्रेट इंडियन पेनिनशुला रेल्वेनें १९२५ सालीं, व बॉम्बे बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेनें ता. ५ जानेवारी १९२८ रोजीं कुलाबा ते बोरिवली या मार्गावर विजेच्या गाड्या आणल्या, तेव्हां त्याच रुळांवरून पूर्वींपेक्षां अधिक फेऱ्या होऊं लागल्या. ह्या पहिल्या बदलांतलें तत्त्व ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. नवी गाडी चांगली कशावरून, तर तिच्यामुळें अधिक माणसांस अधिक वेळां जातां आलें यावरून.

ह्या गाड्या १५०० व्होल्टांच्या एकदिश विजेवर चालत. शहर वाढलें, गाड्या लांबल्या, तशी ही वीज अपुरी पडूं लागली, व २५,००० व्होल्टांची प्रत्यावर्ती वीज आणण्याचें ठरलें. पश्चिम रेल्वेवर हा पालट ता. ५ फेब्रुवारी २०१२ रोजीं पुरा झाला. मध्य रेल्वेवर तो टप्प्याटप्प्यानें होत गेला, आणि सर्वांत शेवटीं हार्बर मार्गाची पाळी आली. ता. ९ एप्रिल २०१६ रोजीं रात्रीं उशिरां जुन्या विजेवरची शेवटची लोकल कुर्ल्याहून छत्रपति शिवाजी टर्मिनसास गेली, आणि ९१ वर्षांचें एक पर्व संपलें.

या हकीकतींत एक गोष्ट अशी आहे कीं ती वाचून पुढें जातां येत नाहीं. १९२५ ची पहिली विजेची गाडी हार्बर मार्गानें धांवली. २०१६ ची जुन्या विजेवरची शेवटची गाडीही हार्बर मार्गानेंच धांवली. म्हणजे ज्या मार्गावर नवें युग सर्वांच्या आधीं आलें, त्याच मार्गावर जुनें युग सर्वांच्या शेवटपर्यंत रेंगाळलें. हा मार्ग कोणाचा? वडाळा, चेंबूर, गोवंडी, मानखुर्द, आणि खाडीपलीकडे वाशी-पनवेलकडचा. गिरणी गेल्यावर मजुरींत शिरलेले, झोपडपट्ट्यांतून राहणारे, शहरानें हळूहळू पूर्वेकडे लोटलेले असे हजारों लोक त्यावर रोज जातात. जुनी वीज जेथें उरली तेथेंच जुन्या गाड्या चालूं शकत होत्या, हें यंत्रशास्त्राचें कारण खरें आहे, व तें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु कोणत्या मार्गाचा पालट आधीं करावा व कोणत्याचा शेवटीं, हा क्रम यंत्रशास्त्र ठरवीत नाहीं. तो माणसें ठरवितात. ज्या घरांत थोरल्याचा सदरा धाकट्यास व धाकट्याचा गड्यास देण्याची रीत असते, तेथें गड्याच्या अंगावर नवा कपडा कधींच येत नाहीं. मुंबईच्या गाड्यांची वांटणी पुष्कळ वर्षें ह्याच रीतीनें चालली, आणि तीबद्दल मोठा आवाज झाला नाहीं. कारण ज्यांच्या वांट्यास जुनें आलें त्यांचा आवाज कचेऱ्यांत पोंचत नव्हता.

मात्र नवें काहींच झालें नाहीं असें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. जुलै १९९९ मध्यें रेल्वेमंत्रालय व महाराष्ट्र सरकार यांच्या भागीदारीनें मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन झालें. जागतिक बँकेचें कर्ज मिळालें. आणि नोव्हेंबर २००७ पासून जांभळ्या-पांढऱ्या रंगाच्या नव्या गाड्या रुळांवर येऊं लागल्या. त्यांच्या छपरांतून बाहेरची हवा जोरानें आंत सोडण्याची सोय होती, कारण गर्दीच्या डब्यांत माणसांच्या श्वासानेंच हवा दूषित होते. ब्रेक लावतांना ह्या गाडीच्या मोटरी उलट वीज निर्माण करतात व ती तारेंत परत जाते. जुन्या गाडींत हीच शक्ति उष्णता होऊन फुकट जात असे. मार्च २०१५ पासून आणखी एका प्रकारच्या नव्या गाड्या आल्या. म्हणजे मनावर घेतलें तर एका दशकाच्या आंत एवढ्या मोठ्या शहराच्या गाड्या बदलतां येतात, हें ह्याच खात्यानें सिद्ध करून दाखविलें. ‘आमच्या देशांत हें व्हावयाचें नाहीं’ असें म्हणून हात झाडणाऱ्यांस हें उत्तर पुरेसें आहे. आणि हें कर्ज कोणी फेडावयाचें? उतारूंच्या तिकिटांवर व पासांवर त्यासाठीं अधिभार बसविण्यांत आला. तेव्हां ह्या गाड्या कोणाच्या मेहेरबानीनें आल्या नाहींत. त्यांत प्रत्येक पासधारकाचा पैसा आहे.

परंतु ह्या यशाच्याच पोटीं पुढचें संकट आहे. जें एकदम आलें तें एकदम म्हातारें होतें. २००७ सालीं आलेली गाडी २०३२ सालीं पंचविशी पूर्ण करील. तिच्या मागोमाग आलेल्या गाड्या त्यानंतरच्या थोड्याच वर्षांत ओळीनें त्याच वयास पोंचतील. एखाद्या वाडींतील सर्व झाडें एकाच वर्षीं लावलीं तर तीं एकाच सुमारास वठतात, आणि माळी जागा नसेल तर वाडी उजाड होते. आतां गाडी मागविणें म्हणजे बाजारांतून भाजी आणणें नव्हे. मंजुरी, कर्ज, निविदा, नमुना, चांचणी, बांधणी, असें एकामागून एक करतां वर्षांमागून वर्षें जातात. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यास डिसेंबर २०१६ मध्यें व ‘३अ’ ह्या टप्प्यास मार्च २०१९ मध्यें केंद्र सरकारची मंजुरी मिळाली. ह्या दोहोंत मिळून २३८ वातानुकूलित गाड्या घेण्याचें ठरलें होतें. २०२५ साल उजाडलें तरी त्या रुळांवर आल्या नव्हत्या. ठरविण्यापासून येण्यापर्यंत जर इतका काळ जात असेल, तर २०३२ ची काळजी २०३१ मध्यें करून भागणार नाहीं. ती आजच केली पाहिजे.

येथें आम्ही मुख्य मुद्द्यावर येतों. येणारी नवी गाडी कोणासाठीं? मुंबईची पहिली वातानुकूलित लोकल ता. २५ डिसेंबर २०१७ रोजीं पश्चिम रेल्वेवर सुरू झाली. मध्य रेल्वेवर तसली गाडी जानेवारी २०२० मध्यें आली. तिचीं दारें आपोआप मिटतात, आंत गारवा असतो, माणूस पडून मरत नाहीं. उत्तम! परंतु तिचें भाडें प्रथम इतकें ठेवलें गेलें कीं गर्दीच्या शहरांत ती कित्येकदां रिकामी धांवूं लागली. ता. ५ मे २०२२ पासून एकेरी तिकिटाचा दर निम्म्यानें उतरविला, व पांच किलोमीटरांपर्यंतचे ६५ रुपये ३० रुपयांवर आले. त्या वेळीं साध्या गाडींत दुसऱ्या वर्गाचें किमान तिकिट ५ रुपये होतें. शिवाय रोज जाणारा माणूस एकेरी तिकिट काढीत नाहीं, पास काढतो. आणि पासाचे दर त्या सवलतींत उतरले नाहींत. पांच रुपयांवर ज्याचा हिशेब बसलेला, त्यास तीस रुपयांचें दार उघडें असलें काय आणि मिटलेलें असलें काय, सारखेंच.

तरीही ह्या गाड्या वेळापत्रकांत अधिक म्हणून घातल्या असत्या, तर ज्यास परवडेल त्यानें त्यांतून जावें, असें म्हणतां आलें असतें. परंतु रूळ तेवढेच व वेळही तेवढाच. नवी गाडी घालावयाची तर जुनी एखादी काढावी लागते. ऑगस्ट २०२२ मध्यें मध्य रेल्वेनें दहा वातानुकूलित फेऱ्या वाढविल्या, तेव्हां हाच प्रकार झाला. रोजच्या साध्या गाडीच्या वेळेस महाग गाडी येऊन उभी राहिली. कळवा व बदलापूर येथील उतारूंनीं निदर्शनें केलीं, रुळांवर येऊन गाडी अडविली, आणि थोड्याच दिवसांत रेल्वेस त्या दहा फेऱ्या मागें घ्याव्या लागल्या. रुळांवर उतरून गाडी अडविणें आम्हांस पसंत नाहीं. त्यानें हजारों निरपराध माणसांचा खोळंबा होतो. परंतु त्या लोकांचें म्हणणें काय होतें? सुधारणेस त्यांचा विरोध नव्हता. नवी गाडी आली ती जुन्या गाडीच्या जागीं आली नाहीं, आमच्या जागीं आली, एवढेंच त्यांस सांगावयाचें होतें. आणि तें म्हणणें आमच्या मतें अक्षरशः खरें होतें. तिसऱ्या वर्गाच्या उतारूंच्या हालांविषयीं महात्मा गांधींनीं १९१७ सालीं लिहिलें. १९७४ सालीं तिसरा वर्ग नांवानें नाहींसा झाला. नांव पुसलें म्हणून वस्तु पुसली जात नाहीं. नव्या गाडीचा एक वर्ग व जुन्या गाडीचा दुसरा, अशी नवी उतरंड जर आपण उभारणार असलों, तर तिसरा वर्ग दुसऱ्या वाटेनें परत आला असेंच म्हणावें लागेल.

दुसऱ्या वर्गाचें भाडें न वाढवितां वातानुकूलित गाड्या देण्याचा मनोदय राज्यकर्त्यांनीं २०२५ सालीं बोलून दाखविला. हा मनोदय स्तुत्य आहे. तो कागदावर, दरपत्रकांत व कायम स्वरूपांत यावा एवढेंच आमचें मागणें आहे. पुढच्या सर्व गाड्या जर वातानुकूलित असणार, तर त्यांचें भाडें हीच सुधारणेची खरी कसोटी होय.

दारांचा प्रश्न ह्याहून गंभीर आहे, कारण तो जिवाचा आहे. ता. ९ जून २०२५ रोजीं दिवा व मुंब्रा यांच्यामधील वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जात असतां पायऱ्यांवर लोंबकळणारे उतारू रुळांवर पडले, व चार जण त्याच दिवशीं दगावले. अशा बातम्या मुंबईस नव्या नाहींत. २०२३ व २०२४ या दोन्ही सालीं मुंबईच्या उपनगरी मार्गांवर मेलेल्यांची संख्या दोन हजारांच्या वर होती. त्यांत रूळ ओलांडतांना मेलेले पुष्कळ, तरी चालत्या गाडींतून पडून मेलेलेही शेंकड्यांनीं मोजावे लागतात. मुंब्र्याच्या अपघातानंतर रेल्वेनें जाहीर केलें कीं मुंबईच्या नव्या साध्या गाड्यांसही आपोआप मिटणारीं दारें बसविलीं जातील, दारांत हवेसाठीं झडपा असतील, छपरांतून ताजी हवा येईल, व एका डब्यांतून दुसऱ्यांत जाण्यास वाट असेल. इतकीं वर्षें हें कां झालें नाहीं असा प्रश्न मनांत येतो. परंतु उशिरां सुचलेलें शहाणपण हें शहाणपणच, म्हणून आम्ही त्याचें स्वागत करतों.

त्याच वेळीं एक सावधगिरीची सूचना करणें आमचें कर्तव्य आहे. दार मिटणें हें अर्धेंच रक्षण आहे. संकटकाळीं तें उघडलें पाहिजे, हें उरलेलें अर्धें. ह्याचा धडा जपाननें फार महाग किंमत देऊन घेतला. ता. २४ एप्रिल १९५१ रोजीं योकोहामा शहरांतील साकुरागिचो स्थानकापाशीं डोक्यावरील विजेची तार तुटून गाडीस लागली व पुढच्या डब्यास आग लागली. वीज गेल्यामुळें दारें उघडेनात. हातानें दार सोडविण्याची कळ कोठें आहे हें उतारूंस ठाऊक नव्हतें. खिडक्यांची मधली कांच पक्की बसविलेली असल्यानें माणूस बाहेर पडूं शकेना. आणि मागच्या डब्यांत जाण्याची वाट मोकळी नव्हती. १०६ माणसें मेलीं. त्या गाड्या युद्धकाळांत काटकसर करून बांधलेल्या होत्या. पुढें जपाननें त्या जातीच्या गाड्या सुधारल्या, दार सोडविण्याची कळ ठळकपणें दाखविली, डब्यांना जोडणारी वाट केली. आमच्या नव्या गाड्यांत हवा, दार व वाट ह्या तिन्ही गोष्टी बरोबरच आल्या पाहिजेत. वाट पुढच्या हप्त्यांत व हवा त्याच्या पुढच्या असें करून चालणार नाहीं. जुन्या डब्यास नुसतें दार लावणें म्हणजे सुधारणा नव्हे; चौदा माणसें एका चौरस मीटरांत कोंडणें होय.

यावर दोन-तीन आक्षेप हटकून घेतले जातात. पहिला आक्षेप पैशाचा. उपनगरी गाड्यांचें भाडें मुळांतच कमी, त्यांत रेल्वेस तोटा येतो, मग नव्या गाड्या साध्या भाड्यांत कशा द्याव्या? याचें उत्तर असें कीं ह्या गाड्यांचा नफा रेल्वेच्या वहींत दिसत नाहीं म्हणून तो होत नाहीं असें नव्हे. मुंबईच्या पेढ्या, कारखाने, दुकानें, बंदरें, रुग्णालयें सकाळीं उघडतात तीं ह्याच गाड्यांतून येणाऱ्या माणसांच्या बळावर. त्या माणसांनीं वाचविलेल्या भाड्यावर मालकांचे पगार स्वस्त होतात, व शहराची जमीन महाग होते. तेव्हां ज्या धंद्यांस व ज्या जमीनमालकांस लोकलचा लाभ मिळतो, त्यांजकडून सरकारनें योग्य वांटा वसूल करावा. गाडी बदलण्याचा सगळा भार गाडींत उभ्या असलेल्या माणसावर टाकणें हें न्यायाचें नव्हे.

दुसरा आक्षेप वेळेचा. दारें मिटण्यास व उघडण्यास वेळ लागतो, स्थानकावर वीस-तीस सेकंदच थांबावयाचें असतें, मग फेऱ्या कमी होतील. हा आक्षेप खरा आहे. परंतु त्यावरून दारें नकोत असें सिद्ध होत नाहीं. गाड्या अधिक लांब कराव्या, फलाट वाढवावे, व सूचनायंत्रणा सुधारावी असें सिद्ध होतें. पश्चिम रेल्वेवर पंधरा डब्यांची गाडी नोव्हेंबर २००९ मध्येंच धांवली. एवढ्या वर्षांनंतरही बहुतेक गाड्या बारा डब्यांच्याच असाव्या, हें कोणास भूषणावह आहे?

तिसरा आक्षेप संवयीचा. मुंबईकर दारांत उभाच राहणार, त्यास वारा हवा असतो, तो शिस्त पाळणार नाहीं, असें कांहीं सुखवस्तु लोक म्हणतात. येथें आम्हांस आमच्याच बांधवांस दोन शब्द सुनवावयाचे आहेत. ठराविक टोळक्यानें दार अडवून धरणें, चढूं पाहणाऱ्या परक्या माणसास ढकलणें, नव्या डब्याचीं आसनें ब्लेडनें फाडणें, हीं कृत्यें सरकार करीत नाहीं. गाडी नवी आणि वागणूक जुनी, असें राहिलें तर पांच वर्षांत नवी गाडीही जुनी होईल. परंतु हेंही तितकेंच खरें कीं दारांत लोंबकळणारा प्रत्येक माणूस हौसेनें लोंबकळत नाहीं. ज्यास आंत पाय ठेवण्यास जागा नाहीं व ज्यास पुढच्या गाडीची वाट पाहणें परवडत नाहीं, तो बाहेर राहतो. त्यास शिस्तीचें व्याख्यान देण्यापूर्वीं आंत जागा दिली पाहिजे.

तेव्हां आमच्या सूचना थोडक्यांत अशा. पहिली: प्रत्येक गाडीचें जन्मसाल व निवृत्तीचें साल रेल्वेनें जाहीर करावें, व डब्यावर ठळक लिहावें. औषधाच्या बाटलीवर मुदत लिहिलेली असते. लाखों जीव वाहणाऱ्या डब्यावर ती नसावी कां? दुसरी: २०३२ पासून निवृत्त होणाऱ्या गाड्यांच्या जागीं दरवर्षीं किती नव्या येणार, याचें वर्षवार कोष्टक आतांच प्रसिद्ध करावें, म्हणजे सर्व वाडी एकदम वठण्याची पाळी येणार नाहीं. तिसरी: नव्या गाड्यांची वांटणी मार्गाच्या गर्दीवरून व जुन्या गाड्यांच्या वयावरून व्हावी, एका मार्गाची उतरलेली गाडी दुसऱ्या मार्गास देण्याची रीत बंद व्हावी. चौथी: वेळापत्रकांतून साधी गाडी काढून महाग गाडी घालूं नये, जी गाडी साध्या गाडीची जागा घेईल तिच्यांत साध्या गाडीचेंच भाडें व साध्या गाडीचाच पास चालावा. पांचवी: नव्या डब्यांचा आराखडा पक्का करण्यापूर्वीं तो उतारूंस दाखवावा. ता. ५ मे १९९२ रोजीं चर्चगेट व बोरिवली यांच्यामध्यें स्त्रियांसाठीं स्वतंत्र गाडी सुरू झाली, तेव्हां स्त्रियांची गरज खात्यास उमगली होती. आज टोपली घेऊन जाणारी कोळीण, डोक्यावर जेवणाचे डबे वाहणारा डबेवाला, कुबड्या घेऊन चालणारा अपंग, पोटुशी बाई, यांची जागा मिटत्या दारांच्या गाडींत कोठें व किती, हें आराखड्यांतच ठरलें पाहिजे. मागाहून भिंत फोडून जागा करतां येत नाहीं.

ह्यांपैकीं एकही सूचना अशक्य कोटींतील नाहीं. वाफेच्या जागीं वीज आणणें ह्याहून कठीण होतें. चालत्या गाड्यांखालीं सगळ्या शहराची वीज बदलणें तर त्याहूनही कठीण, आणि तें काम रात्रीं-अपरात्रीं जागून रेल्वेच्या माणसांनीं पार पाडलें. कमतरता आहे ती कौशल्याची नाहीं. हा विषय आपला आहे असें लोकांस वाटण्याची आहे. उतारूंच्या संघांनीं गाडी उशिरां आली म्हणून तक्रार करावी तशी ती किती वर्षांची आहे हेंही विचारावें. नगरसेवकांनीं, आमदारांनीं व खासदारांनीं नव्या गाडीस हिरवा झेंडा दाखविण्यास यावें. परंतु त्याच दिवशीं जुनी कोठें गेली, तिच्या वेळेस जाणारे उतारू आतां कशानें जातात, आणि त्यांस किती पैसे पडतात, याचाही जाब द्यावा. आणि मतदारांनीं तो मागावा. १९२५ सालीं ज्यांनीं विजेची गाडी आणली ते परक्या कंपनीचे लोक होते व त्यांस मत मागावयाचें नव्हतें. आतां राज्य आपलें आहे, रेल्वे आपली आहे, पैसाही आपलाच आहे. असें असतां गोवंडीच्या मजुराच्या वांट्यास कोणती गाडी यावी हें जर आपण पूर्वीं­सारखेंच दैवावर सोपविलें, तर त्याचा दोष परक्यांस देतां येणार नाहीं.